क्वार्टरबॅकची पारख: अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये जाणकारही का फसतात?

२०२१ च्या मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघाने एक मोठा सौदा केला. खेळाडू निवडीच्या रांगेत त्यांचा नंबर बारावा होता, त्यांना तिसरा हवा होता. त्यासाठी त्यांनी मायामीच्या संघाला आपला बारावा नंबर दिला, पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीतले हक्क दिले आणि वर तिसऱ्या फेरीतला एक हक्कही दिला. एवढं सगळं मोजून एप्रिलमध्ये त्यांनी ट्रे लान्स नावाचा तरुण क्वार्टरबॅक घेतला.

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, याच संघाने अगदी शेवटच्या, म्हणजे २६२ व्या नंबरवर आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. ब्रॉक पर्डी त्याचं नाव. सगळ्यात शेवटी निवडल्या जाणाऱ्या खेळाडूला तिकडे 'मिस्टर इररेलेव्हंट' म्हणतात, म्हणजे 'ज्याचा काही संबंध नाही असा गडी'. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथं त्याचा थट्टेचा सत्कारही होतो आणि हातातून चेंडू निसटतोय अशा खेळाडूची ट्रॉफी त्याला दिली जाते.

झालं असं की लान्सचा घोटा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मोडला. त्याच्या जागी आलेल्या जिमी गरोपोलोचा पाय डिसेंबरमध्ये मोडला. मग नाइलाजाने पर्डीला उतरवलं. त्या मोसमात साखळीतले त्याने सुरुवातीपासून खेळलेले पाचही सामने संघ जिंकला. २०२४ च्या फेब्रुवारीत तो संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. तिथे कॅन्सस सिटी चीफ्सकडून जादा वेळेत २५-२२ अशी हार झाली. लान्सने या संघासाठी सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त चार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला चौथ्या फेरीतल्या एका हक्काच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं.

म्हणजे तेच मालक, तेच व्यवस्थापक, तेच प्रशिक्षक. सगळ्यात महाग खरेदी बुडीत खात्यात गेली आणि जवळजवळ फुकट मिळालेला माल सोन्याचा निघाला. हे एकाच संघाचं झालं नाही, गेली नव्वद वर्षं हेच चालू आहे.

आधी हा खेळ कुठला ते

गोव्यात किंवा कोल्हापुरात ज्याला फुटबॉल म्हणतात तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळ हातात असतो. दोन्हीकडे ११ खेळाडू. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे गडी त्याला आडवा करायला धावत असतात. त्याच्याकडे साधारण अडीच ते तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरच्यांची मांडणी ओळखायची, आपले चार-पाच साथीदार कुठे धावतायत ते बघायचं, कोण मोकळा होणार याचा अंदाज बांधायचा आणि तो तिथे पोचायच्या आधीच चेंडू तिथे फेकायचा.

क्रिकेटमध्ये कर्णधार, सलामीवीर आणि यष्टिरक्षक एकाच माणसाला केलं तर जेवढा भार त्याच्यावर पडेल, तेवढा या एका जागेवर असतो. चांगला क्वार्टरबॅक असला की साधारण संघही उभा राहतो. तो नसला तर बाकी सगळं असूनही मोसम वाया जातो. म्हणून सगळेजण या एका जागेसाठी जीव टाकतात.

लिलाव नाही, पाळी असते

आपल्याकडे आयपीएलमुळे लिलाव सगळ्यांना माहीत आहे: ज्याची बोली मोठी, त्याचा खेळाडू. एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये नवे खेळाडू घेताना बोली नसते, पाळी असते. संघ ३२, फेऱ्या सात. मागच्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याचा नंबर पहिला, जो जिंकला त्याचा शेवटचा. कमजोर संघाला वर यायची संधी मिळावी हा हेतू.

पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियात झाला. पहिल्या नंबरवर शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर निवडला गेला. विद्यापीठ फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडू म्हणून जो हाइझमन पुरस्कार पुढे प्रसिद्ध झाला, त्याचा हा पहिलाच मानकरी. पण पैशांचं जमलं नाही आणि बर्वँगर व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. पहिल्याच वर्षी पहिलाच नंबर असा गेला.

नंबरांची अदलाबदल चालते आणि खरी गंमत तिथेच आहे. १९९० च्या सुमारास डॅलस काउबॉइज संघाने एक तक्ता केला. त्यात पहिल्या नंबरची किंमत ३००० गुण आणि बत्तिसाव्याची ५९०. पुढे सगळ्या लीगमध्ये हाच तक्ता दरपत्रकासारखा वापरात आला. व्यापाऱ्याच्या नजरेने बघितलं तर यातली मेख लगेच कळते. हा भाव मालाचा नाही, रांगेतल्या जागेचा आहे. त्या जागेवर उभं राहून माल कसा निवडायचा, याचं दरपत्रक कुणाकडेच नाही.

कांदेपोह्यांचा कार्यक्रम

निवडीच्या आधी फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिस शहरात 'कंबाइन' नावाचा मेळावा भरतो. १९८७ पासून तो याच गावात होतो. तीनशेच्या वर पोरं बोलावली जातात. उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी मोजतात. ४० यार्ड धावायला लावतात, उड्या मारायला लावतात, डॉक्टर सांधे तपासतात, संघवाले बंद खोलीत मुलाखती घेतात. अनेक वर्षं १२ मिनिटांत ५० प्रश्नांची 'वंडरलिक' नावाची बुद्धी चाचणीही व्हायची. २०२२ मध्ये लीगने ती बंद केली.

त्यानंतर प्रत्येक विद्यापीठाच्या मैदानावर पोरं चेंडू फेकून दाखवतात. त्याची तालीम आधी झालेली असते. कुणी धावून येत नाही, अंगावर कुणी पडत नाही. चहा-पोहे घेऊन आलेली मुलगी जशी त्या अर्ध्या तासापुरती असते, तसंच हे. संसार कसा होईल ते त्यावरून कसं कळणार?

२००७ मध्ये ओकलंड रेडर्सने पहिल्या नंबरवर जमार्कस रसेलला घेतलं. सहा फूट सहा इंच उंची, दांडगा देह आणि गुडघ्यावर बसून साठ यार्ड चेंडू फेकणारा हात. बघणाऱ्यांचे डोळे दिपले. तीन मोसमांत त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या २५ सामन्यांपैकी संघ ७ जिंकला आणि २००९ च्या मोसमानंतर तो पुन्हा लीगमध्ये दिसला नाही. हाताचं बळ टेपने मोजता येतं, पण सामन्याची तयारी, सवयी, हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस काय करतो, हे कुठल्या टेपने मोजायचं?

उलट उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. टॉम ब्रेडी, मिशिगन विद्यापीठ, सन २०००. ४० यार्डांना ५.२८ सेकंद, म्हणजे या खेळाच्या मानाने बैलगाडीच. कंबाइनमध्ये अर्ध्या चड्डीत काढलेला त्याचा हडकुळा फोटो आजही फिरतो. विद्यापीठातसुद्धा शेवटच्या वर्षी प्रशिक्षक त्याला आणि दुसऱ्या एका मुलाला आलटून पालटून खेळवत होते. त्या वर्षी त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. त्यातला एक, जिओव्हानी कारमाझी, याला ब्रेडीच्या घराजवळच्या आणि त्याच्या लहानपणापासूनच्या लाडक्या फोर्टीनाइनर्सने तिसऱ्या फेरीत घेतलं. कारमाझी साखळीतला एकही सामना खेळला नाही. ब्रेडी सहाव्या फेरीत, १९९ व्या नंबरवर न्यू इंग्लंड पॅट्रियट्सकडे गेला आणि सात सुपर बोल जिंकून निवृत्त झाला.

पॅट्रियट्सच्या हुशारीचं कौतुक होतं ते अर्धंच खरं. त्याची एवढी खात्री असती तर त्यांनी तरी १९९ व्या नंबरापर्यंत वाट कशाला बघितली असती? त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी त्यांनी स्वतः दुसऱ्या जागांचे खेळाडू घेतलेच होते. मात्र दोन गोष्टी त्यांच्या बाजूने मांडायला हव्यात. क्वार्टरबॅकांचे प्रशिक्षक डिक रेबाइन यांनी ब्रेडीला पारखून त्याची शिफारस केली होती. आणि पहिल्या मोसमात गरज नसताना संघाने चौथा क्वार्टरबॅक म्हणून त्याला ठेवून घेतलं. रेबाइन २००१ च्या ऑगस्टमध्ये वारले. पुढच्याच महिन्यात मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला. १९९३ चा हा पहिल्या नंबरचा खेळाडू, २००१ मध्येच त्याच्याशी दहा वर्षांचा, दहा कोटी डॉलरच्या वरचा करार झालेला. त्याच्या जागी ब्रेडी उभा राहिला, आणि त्याला निवडायला सांगणाऱ्या माणसाने ते बघितलंच नाही.

त्या मोसमाचा शेवटचा सामना, फेब्रुवारी २००२ चा सुपर बोल, या विषयाच्या दृष्टीने बघण्यासारखा आहे. एका बाजूला १९९ व्या नंबरचा ब्रेडी. दुसऱ्या बाजूला सेंट लुइस रॅम्सचा कर्ट वॉर्नर, ज्याला १९९४ मध्ये कुणीच निवडलं नव्हतं. आयोवा राज्यातल्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावणारा, मग बंदिस्त मैदानातल्या छोट्या लीगमध्ये आणि युरोपात अ‍ॅमस्टरडॅमच्या संघात खेळून आलेला वॉर्नर १९९९ च्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. ब्रेडीचा संघ २०-१७ ने जिंकला. ३१ संघांच्या लीगमधल्या सर्वांत मोठ्या सामन्यातले दोन्ही क्वार्टरबॅक असे, पारखी लोकांच्या चाळणीतून खाली पडलेले!

पहिला की दुसरा?

१९९८ मध्ये देशभर एकच वाद होता: पेटन मॅनिंग की रायन लीफ? दोघेही उंच, दोघेही गाजलेले. लीफचा हात जास्त ताकदवान आहे, पुढे तोच वरचढ ठरेल, असं म्हणणारे पुष्कळ होते. इंडियानापोलिस कोल्ट्सने मॅनिंगला घेतलं. सॅन डिएगो चार्जर्सने तर एक नंबर वर सरकण्यासाठी वेगळी किंमत मोजून लीफला घेतलं.

तिसऱ्याच सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध लीफचे १५ पैकी एकच फेक साथीदारापर्यंत पोचला, तोही ४ यार्डांचा. पुढे पत्रकारांवर ओरडणं, दुखापती, साथीदारांशी बेबनाव. पूर्ण कारकिर्दीत १४ टचडाउन आणि ३६ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात. नंतर व्यसन आणि तुरुंगही त्याच्या वाट्याला आले. त्यातून बाहेर पडून आता तो व्यसनमुक्तीवर बोलतो. बावीस वर्षांच्या पोरावर एका शहराची आशा आणि कोट्यवधी डॉलर ठेवायचे आणि तो कोसळला की देशभर हसायचं, ही या बाजाराची दुसरी बाजू. त्याची नोंद कुठल्या तक्त्यात होत नाही.

आणि मॅनिंग? पहिल्या मोसमात त्याचे २८ चेंडू प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, आजवरचा नवख्याचा विक्रम. संघ ३ सामने जिंकला, १३ हरला. त्या डिसेंबरात कुणी निकाल लावला असता तर दोघेही नापास झाले असते. मॅनिंग पुढे पाच वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन संघांकडून सुपर बोल जिंकला. आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. या जागेवर ते दिसायला कधी तीन वर्षं लागतात, कधी सात.

विद्यापीठातला खेळ वेगळा, इथला वेगळा

चूक होण्याचं मोठं कारण खुद्द खेळात आहे. विद्यापीठात शंभराहून अधिक मोठे संघ आहेत आणि त्यांच्यातली तफावत प्रचंड. चांगल्या संघातल्या क्वार्टरबॅकला साथीदार पाच-पाच यार्ड मोकळे सापडतात. अनेक ठिकाणी प्रशिक्षक बाजूला उभे राहून खुणांनी किंवा मोठाल्या पाट्या दाखवून चाल सांगतात. पोराने फक्त अमलात आणायची. व्यावसायिक लीगमध्ये मोकळी जागा म्हणजे वीतभर. समोरची मांडणी चेंडू हलेपर्यंत लपवलेली असते. तिथे काय होतं ते आधी बघायला मिळत नाही, कारण तशी परिस्थिती विद्यापीठात तयारच होत नाही. घाटात गाडी कशी चालवेल ते सपाट रस्त्यावर बघून ठरवायचं, असा हा प्रकार.

म्हणून अनुभवाला किंमत दिली पाहिजे असं बरेच जाणकार म्हणतात. लान्सने विद्यापीठात सुरुवातीपासून खेळलेले सामने अवघे १७, तेही दुसऱ्या दर्जाच्या गटात, आणि शेवटच्या वर्षी महामारीमुळे फक्त एक. पर्डी आयोवा स्टेटकडे चार वर्षं खेळला होता. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सने किंमत मोजून तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरवर येत मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं, त्याचे सामने १३. त्याच वर्षी दहाव्या नंबरवर कॅन्सस सिटीने पॅट्रिक माहोम्सला घेतलं.

पण हाही नियम म्हणून पक्का धरता येत नाही. माहोम्सबद्दल तेव्हा काय म्हणत होते? टेक्सास टेकची पद्धतच सतत चेंडू फेकण्याची, म्हणून आकडे फुगलेले. पायांची ठेवण चुकीची, उगाच धोके घेतो. त्याचे वडील व्यावसायिक बेसबॉलमध्ये गोलंदाजासारखे चेंडू फेकणारे; पोरगाही बेसबॉलच्या ढंगाने कुठल्याही कोनातून फेकायचा. जे दोष म्हणून लिहून ठेवलं होतं तेच त्याचं बळ निघालं. पूर्ण वेळ खेळायला लागल्यावर पहिल्याच मोसमात ५० टचडाउन, आणि २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत तीन सुपर बोल.

न दिसलेले, की बघितलेच नाहीत

काही चुका मात्र पारखण्यातल्या नव्हत्या. अनेक दशकं या लीगमध्ये असा समज होता की क्वार्टरबॅकचं डोकं काळ्या खेळाडूकडे नसतं. विद्यापीठात ही जागा गाजवलेल्या काळ्या मुलांना व्यावसायिक संघ 'तू पळायला चांगला' म्हणून दुसऱ्या जागेवर टाकायचे. मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून चांगला खेळला. पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात त्याला चेंडू झेलणारा व्हावं लागलं. वॉरन मून १९७८ मध्ये रोझ बोल हा मानाचा सामना गाजवून आला, तरी एकाही संघाने त्याला निवडलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून लागोपाठ पाच वेळा तिथलं अजिंक्यपद जिंकला, १९८४ मध्ये ह्यूस्टनला परतला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला काळा क्वार्टरबॅक ठरला. सहा वर्षं लीगने त्याला बाहेर ठेवलं. नुकसान कुणाचं झालं?

ही सवय मेली असं समजायला नको. २०१८ मध्ये लमार जॅक्सन हाइझमन पुरस्कार घेऊन आला होता. तरी त्याने चेंडू झेलणाऱ्याच्या जागी खेळावं असा सल्ला टीव्हीवरून देणाऱ्यांत बिल पोलियन होते, ज्यांनी १९९८ मध्ये कोल्ट्ससाठी मॅनिंगला अचूक निवडलं होतं. जॅक्सन पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२ व्या नंबरवर बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला. २०१९ मध्ये ५० पैकी ५० मतांनी तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०२३ मध्ये पुन्हा. पोलियन यांनी आपली चूक नंतर उघडपणे कबूल केली, हेही सांगायला हवं.

उंचीचंही तसंच. सहा फुटांच्या आसपासचा असला की पुढच्या धिप्पाड गड्यांच्या डोक्यावरून त्याला दिसणार कसं, हा प्रश्न ठरलेला. ड्रू ब्रीस २००१ मध्ये दुसऱ्या फेरीत गेला, रसेल विल्सन २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत ७५ व्या नंबरवर. दोघांनीही सुपर बोल जिंकला.

अभ्यासक काय सांगतात

अर्थशास्त्रज्ञांना हा ड्राफ्ट फार आवडतो, कारण इथे निर्णय, किंमत आणि निकाल तिन्ही कागदावर असतात. रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चं नोबेल मिळालं, आणि केड मॅसी यांनी या विषयावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं: संघ स्वतःच्या पारखेवर वाजवीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात आणि वरच्या नंबरांना नको इतका भाव देतात. एकाच जागेच्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात सुमारे ५२ टक्के आली. नाणं उडवलं तर ५०. हा हिशेब सगळ्या जागांचा आहे, एकट्या क्वार्टरबॅकचा नाही.

क्वार्टरबॅकवर डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांचा वेगळा अभ्यास आहे. उंची, धावण्याचा वेग, वंडरलिकचे गुण यांच्यामुळे नंबर वर-खाली होतो, पण पुढे मैदानावरच्या प्रत्येक प्रयत्नातल्या कामगिरीशी त्यांचा फारसा संबंध दिसत नाही, असं त्यांना आढळलं. लेखक माल्कम ग्लॅडवेल यांनी हाच मुद्दा उचलला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी त्यावर जोरदार आक्षेप घेतला.

आक्षेप समजून घेण्यासारखा आहे. सहाव्या फेरीतले क्वार्टरबॅक घेतले तर त्यातले बरेचसे मैदानात फारसे उतरतच नाहीत. जो उतरतो तो सरावात दिसून आलेला, चाळून उरलेला असतो. त्याची तुलना पहिल्या फेरीतल्या पोराशी केली, जो कसाही खेळला तरी गुंतवणूक म्हणून खेळवलाच जातो, तर दोघे सारखेच वाटणार. म्हणजे संघ अगदीच आंधळे नाहीत. पहिल्या फेरीतून चांगले क्वार्टरबॅक जास्त निघतात हे खरंच आहे. पण किती जास्त निघतात आणि त्यासाठी किती मोजायचं, इथे हिशेब चुकतो.

चाचण्या बदलल्या तरी घोळ तोच. काही संघ 'एस-टू' नावाची संगणकावरची चाचणी वापरू लागले. २०२३ मध्ये त्यातले गुण माध्यमांत फुटले: ब्राइस यंगला फार वरचे, सी. जे. स्ट्राउडला फार खालचे. कॅरोलिना पँथर्सने शिकागोला आपला नववा नंबर, पुढचे हक्क आणि डी. जे. मूरसारखा तयार खेळाडू देऊन पहिला नंबर विकत घेतला आणि यंगला निवडलं. स्ट्राउड दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टनला गेला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा आक्रमक ठरला. यंगने खेळवलेल्या १६ पैकी संघ दोनच सामने जिंकला. तेवढ्या हारीमुळे पुढच्या वर्षीचा पहिला नंबर पँथर्सच्याच वाट्याला आला असता, पण तो त्यांनी आधीच शिकागोला देऊन टाकला होता.

पैशाचं गणित

२०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर ठरले, त्यातले ५ कोटी हमखास. २०११ मध्ये खेळाडू संघटनेशी नवा करार झाला आणि नवख्यांच्या पगाराला वेसण घातली गेली. त्या वर्षीच्या पहिल्या नंबरला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे २ कोटी २० लाख. एका वर्षात एवढा फरक.

परिणाम दोन झाले. एक, चुकीच्या निवडीने आता संघ दहा वर्षं खड्ड्यात जात नाही. दोन, बरोबर निवडीचा नफा वाढला. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. पर्डीचा सुरुवातीचा पगार वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षाही कमी होता. म्हणजे सगळ्यात महाग जागा फुकटात आणि उरलेला पैसा बाकीच्यांवर. २०२५ च्या मेमध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाखांचा करार झाला आणि ती सूट संपली.

हाताखाली घेणारा कोण?

२००५ मध्ये पहिल्या नंबरवर अ‍ॅलेक्स स्मिथ फोर्टीनाइनर्सकडे गेला. पोरगा जेमतेम २१ वर्षांचा. दरवर्षी आक्रमणाचा प्रशिक्षक बदलला, दरवर्षी नवी भाषा, वर खांद्याची दुखापत. फुकट गेला म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. २०११ मध्ये जिम हार्बॉ प्रशिक्षक म्हणून आले आणि तोच स्मिथ १३ सामने जिंकून देऊ लागला. २००५ मध्येच निवडलेला अ‍ॅरन रॉजर्स २४ व्या नंबरपर्यंत टीव्ही कॅमेऱ्यांसमोर ताटकळत बसला होता. ग्रीन बेमध्ये तो तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे शिकत राहिला, आणि पुढे चार वेळा सर्वोत्तम खेळाडू झाला. दोघांची अदलाबदल झाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न अमेरिकेत अजून चघळला जातो.

माहोम्ससुद्धा पहिलं वर्ष बसून होता, आणि तेही याच अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे. २०१८ चा तिसऱ्या नंबरचा सॅम डार्नल्ड न्यूयॉर्क जेट्समध्ये फसला, कॅरोलिनात फसला. २०२४ मध्ये मिनेसोटाला गेला आणि संघाने १४ सामने जिंकले. माणूस तोच होता.

नशिबाचा भाग तर वेगळाच. २०१६ मध्ये डॅलसला पॅक्स्टन लिंच हवा होता. डेन्व्हरने पुढे उडी मारून तो नेला. मग त्यांना कॉनर कुक हवा होता. तो ओकलंडने अगदी एक नंबर आधी, शंभराव्या जागेवर उचलला. हात चोळत डॅलसने १३५ व्या नंबरवर डॅक प्रेस्कॉटला घेतलं. मोसमाआधी दोन क्वार्टरबॅक जखमी झाले, प्रेस्कॉट उतरला आणि १३ सामने जिंकला. लिंच डेन्व्हरसाठी सुरुवातीपासून खेळला ते चार सामने.

हल्ली काही संघ दोन्हीकडे पैसे लावतात. वॉशिंग्टनने २०१२ मध्ये बरंच काही मोजून दुसऱ्या नंबरवर रॉबर्ट ग्रिफिनला घेतलं आणि त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत कर्क कझिन्सलाही घेऊन ठेवलं. तेव्हा लोक हसले. ग्रिफिन पहिल्या वर्षी चमकला, मग गुडघा गेला. पुढे जागा कझिन्सकडे आली. २०२४ च्या मार्चमध्ये याच कझिन्सशी अटलांटाने चार वर्षांचा १८ कोटी डॉलरचा करार केला, आणि पुढच्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये आठव्या नंबरवर मायकेल पेनिक्स हा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. डिसेंबरात कझिन्स बाकावर होता, पेनिक्स मैदानात.

हा ड्राफ्ट दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस, तिकडच्या गुरुवारी रात्री सुरू होतो; आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची पहाट, साधारण साडेपाच वाजलेले असतात.